लिप्पेची निवडणूक, दारव्ह्याचा बाजार

मनोहर,

काल तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते बरं झालं, नाहीतर मधूनच उठून गेला असतास आणि मला तुझ्यामागे यावं लागलं असतं. मंचावर खुर्च्या कमी आणि दुःखी मान्यवर जास्त, अशी अडचण सुरुवातीलाच झाली. ज्यांना खाली बसावं लागलं ते तुझ्यापेक्षा खुर्चीसाठी अधिक कष्टी दिसत होते. सूत्रसंचालकाने तुला 'चालताबोलता ज्ञानकोश' म्हटलं, हातातला कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "सरांचा जर्मनीचा गाढा अभ्यास होता." मग श्रद्धांजलीची शांतता. प्रमुख पाहुण्यांना घाटंजीला दुसरा कार्यक्रम असल्यामुळे तीही आटोपती घेण्यात आली.

उठून सांगावंसं वाटलं, जर्मनी नव्हे हो, लिप्पे. सांगितलं नाही. या विषयावर दारव्ह्यात पुन्हा तोंड उघडायचं नाही, मी नाही आणि तूही नाही, असं तूच बजावून ठेवलं होतंस. ती बंदी मी आता मोडणार आहे. त्याआधी तुझ्याशी एकदा बोलून घेतो.

हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला लिप्पे म्हणजे काय ते सांगायला हवं. तू जरा ऐकून घे, चुकलो तर नेहमीसारखा खोकून दाखव. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीत जी राज्यं होती, त्यातलं हे एक चिमुकलं राज्य. दारव्ह्याला शेजारचा एखादा तालुका जोडावा, एवढं. तरी त्याला स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचं सरकार आणि स्वतःचे रुसवेफुगवे होते. तिथली पुष्कळ माणसं उन्हाळ्यात परमुलखात वीटभट्ट्यांवर जात आणि हिवाळ्यात घरी येत. अशाच एका जानेवारीत त्या विधिमंडळाची निवडणूक आली. त्या मिशीवाल्याचा पक्ष तेव्हा उतरणीला लागला होता. आधीच्या देशभराच्या निवडणुकीत मतं घटली होती, तिजोरी रिकामी होती. त्यांनी उरलीसुरली सगळी ताकद या एवढ्याशा राज्यात ओतली. नेता जवळच्या एका सरदाराच्या गढीत मुक्काम ठोकून गावोगाव बोलायला जाऊ लागला. मोठी सभागृहं मिळेनात, म्हणून तंबू. शहरातल्या शहाण्या लोकांनी त्या तंबूची यथेच्छ टिंगल केली. निकाल लागला तेव्हा पक्षाला निम्मी मतंही नव्हती, पण त्यांनी देशभर विजयाचे ढोल बडवले आणि पंधरवड्यात तो माणूस चॅन्सेलर झाला.

या एवढ्याशा गोष्टीवर तू आयुष्य काढलंस. पत्राद्वारे जर्मन शिकलास. लिप्पेतल्या खेड्यांची नावं तू आर्णी-दिग्रसच्या रस्त्यावरच्या गावांसारखी घ्यायचास, आणि तशाच उच्चारात. तिथे जाण्याचा विषय निघाला की म्हणायचास, "जाऊन काय पाहू बे? निवडणूक होऊन गेली ना थे."

माझी बायको नलू गेली तेव्हा तू रोज संध्याकाळी यायचास. सांत्वनाचा एक शब्द कधी बोलला नाहीस. लिप्पेतल्या कुठल्याशा गावच्या मुख्याध्यापकाचं आणि पाद्र्याचं तंबूच्या जागेवरून कसं वाजलं, हे रंगवून सांगायचास आणि उठून जायचास. दुसऱ्या दिवशी भांडण पुढे सुरू. ते भांडण मिटेपर्यंत मला पुन्हा जेवण जाऊ लागलं होतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणूनही राहिले असतील.

मग ते व्याख्यान. दोन वर्षांपूर्वीचा शारदोत्सव. कापसाचे दिवस तेव्हाही वाईट होते. पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरावं म्हणून एका शेतातली उभी पऱ्हाटी उपटली गेली आणि पाहुण्यांनी त्याच शेतात उभं राहून पिकाच्या हानीबद्दल दुःख व्यक्त केलं, तो हंगाम. गावात दुसरा विषय नव्हता आणि तू लिप्पेवर बोलणार होतास. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर आणि त्या उत्तराबद्दल आभार, असं सगळं उरकल्यावर तुला माईक मिळाला. परिचय करून देणाऱ्याने विषय 'जर्मनीतील जिल्हा परिषद' असा सांगितला होता. तू दुरुस्त केलं नाहीस. उलट म्हणालास, "आकाराने तेवढंच आहे, चालेल."

मी तुझी पुष्कळ भाषणं ऐकली. त्या दिवशीइतका रंगून तू कधीच बोलला नाहीस. तंबू कसा उभारला, आधी बँड कसा वाजायचा, थंडीत लोकांना बसवून कसं ठेवलं, सगळं डोळ्यांपुढे आणलंस. "बाकीच्या पक्षांना वाटलं, इतक्या लहान गावात जाऊन काय मिळणार? हे गेले. यांनी विचारलं, तुमचं कसं चाललंय? लोकांना कुणीतरी विचारायला हवं होतं." आणि मग तो भाग: "भावाचा राग येतो, पण भाव डोळ्यांना दिसत नाही. व्यापारी दिसतो. त्या खेड्यांत गुरांचे ज्यू व्यापारी होते. रागाला चेहरा मिळाला."

तंबूच्या वर्णनाला सभागृह हसलं. मीही हसलो. आपण दारव्ह्याचे शिकलेले लोक, दूरच्या मूर्खांना हसायला कधी मागे नसतो. प्रवीण तेवढा हसला नाही. तुझाच विद्यार्थी, बी.ए.ला पहिल्या बाकावर बसणारा. नोकरी लागेना म्हणून एका ठेकेदाराची माणसं सांभाळत होता. प्रश्नोत्तरांत तो उभा राहिला.

"सर, एका गावात किती वेळ थांबत होते थे?"

"संध्याकाळभर."

"अन् आधी भाषण का आधी बँड?"

"आधी बँड."

"व्यापाऱ्याचं नाव सभेत घेत का खाली बसल्यावर?"

तू म्हणालास, "उत्तम प्रश्न." घरी जाताना रस्ताभर तू त्याच्याबद्दलच बोलत होतास. "पाहिलं का वकील, पोरं ऐकतात. तू उगाच म्हणतो, कोणी ऐकत नाही."

तीन-चार महिन्यांत आपल्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक लागली आणि ठेकेदार अपक्ष उभा राहिला. मोठ्या पक्षांच्या सभा तालुक्याच्या गावी, रोषणाईसकट. ठेकेदाराचा लहानसा मांडव मात्र थेट खेड्यात. मंच नाही, हार नाही. आधी भजनी मंडळ, मग पिठलं-भाकर, मग प्रवीण सतरंजीवर लोकांत बसून विचारायचा, "तुमचा कापूस कोणं नेला?" लोक सांगत, युसूफभाईनं. पुढच्या गावात ते नाव प्रवीण स्वतःच सांगायचा, आणि ठेकेदार उभा राहून म्हणायचा की, आपल्या मातीचा कापूस या लोकांच्या हाती का जातो ते एकदा ठरवू या. 'या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या, हे कुणी विचारलं नाही. तेवढी समज सगळ्यांना असते.

युसूफभाई म्हणजे बाजारात फुटकळ कापूस घेणारा आपला जुना माणूस. एक टेम्पो, एक लोखंडी काटा. त्याची मुलगी शबाना तुझ्याकडे इतिहास शिकली. त्या हंगामात त्याने पडेल भावात कापूस घेतला, हे खरं होतं. सरकारी खरेदी केंद्राचं कुलूप निघत नव्हतं आणि सगळेच व्यापारी तसाच घेत होते. नाव एकाचं झालं.

तो तुझ्या ओसरीवर आला तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, बाजारात माह्याकडं कोणी येऊन नाई राह्यलं."

"मंदी आहे युसूफभाई."

"मंदी तं साऱ्यायलेच हाय. बाजूच्या काट्यावर लाइन हाय." मग खाली बघत, "थो प्रवीण तुमचाच पोरगा ना? बोलून पाहा ना त्याच्याशी."

तू आत चहा सांगितलास. वहिनींनी दिलेला चहा त्याने घेतला आणि तो गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कोर्टातून येत होतो, तर तू युसूफभाईच्या काट्याशेजारी, चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची टाकून, इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेला.

"काय करून राह्यला बे?"

"बसलो."

"कायले?"

"लोक विचारतात, सर इथं कसे? विचारलं की सांगतो."

"काय सांगतो?"

"कापसाचा भाव कोण ठरवते थे."

मी खरंच ऐकत उभा राहिलो. एकेक जण येत होता, नमस्कार करत होता. तू त्याला परदेशातली गोदामं, तिकडच्या सरकारांची अनुदानं, आपल्या केंद्राचं कुलूप असं सगळं सांगत होतास. तो मान हलवत होता. "बरोबर हाय सर," म्हणत होता आणि गाडी पलीकडच्या काट्यावर नेत होता. तिथला भाव युसूफभाईच्या भावापेक्षा कमी होता. पाटी दोन्हीकडे लावलेली होती, वाचता सगळ्यांना येत होतं.

आपला जुना वाद तुला आठवतच असेल. मी म्हणायचो, लिप्पेची माणसं फसली. तू म्हणायचास, फसली नाहीत, त्यांना ते हवं होतं. त्या दिवशी तू माझी बाही धरून मला खाली वाकवलंस.

"पाह्यलं का वकील? स्वतःचं नुकसान करून घेऊन राह्यले, डोळे उघडे ठेवून. फसलेला माणूस असं करते का?"

मी बाही सोडवून घेतली.

दुपारी एक म्हातारी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन सरळ काट्याशी आली. शेजारच्या गाडीवाल्याने हटकलं, "मावशे, तिकडं नको, इकडं ये." ती म्हणाली, "तुह्या बापाचा कापूस हाय का? मले तेल घ्याचं हाय, घरी जाचं हाय. जिथं जास्त भेटन तिथं देईन." त्या दिवसातलं युसूफभाईचं ते एकमेव गिऱ्हाईक. तू उठून तिला खुर्ची दिलीस. तिने बसायला नकार दिला आणि तुला विचारलं, "तुमी काहून बसले उन्हात? काम नाई का?"

मग प्रवीण आला, गळ्यात उपरणं, मागे दोन-चार जण. त्याने वाकून तुझ्या पायांना हात लावला, अगदी मनापासून. तो मुलगा खोटा नव्हता, हीच खरी पंचाईत आहे.

"सर, तुम्ही इथं कायले? लागन तं सावलीत खुर्ची लावून देतो."

"प्रवीण, हे सगळं कुठून शिकलास रे?"

तो गोंधळला. त्याला वाटलं, तू चेष्टा करतो आहेस. "तुमच्याच पासून ना सर. तुमच्या व्याख्यानाचा लय उपयोग झाला. सारं तसंच केलं. बँड नव्हता म्हणून भजन ठेवलं."

युसूफभाई काट्याच्या साखळीशी उगाच खटपट करत होता.

तू विचारलंस, "व्याख्यानाचा शेवट ऐकला होता का?"

"हो सर," प्रवीण म्हणाला. "पंधरा दिवसांत सत्ता आली."

मी तुला शाळेपासून ओळखतो. तुझा तसा चेहरा त्याआधी पाहिला नव्हता. तू बाजार उठेपर्यंत तिथेच बसून राहिलास, पण नंतर कुणी विचारलं तर सांगेनासा झालास.

ठेकेदाराचं डिपॉझिट गेलं. गावाने दोन दिवस हसून घेतलं. मी गरम जिलबी घेऊन तुझ्याकडे आलो.

"लिप्पेत निदान निम्म्याच्या जवळ तरी गेलते. तुह्या शिष्याचं डिपॉझिट गेलं. खा."

"युसूफभाई बाजारात येते का?"

तो येत नव्हता. टेम्पो विकून उमरखेडला सासुरवाडीच्या आधाराने गेला होता. शबानाने परीक्षा अर्धवट सोडली होती.

"मी साऱ्यायच्या समोर पाककृती सांगितली, वकील."

"आचारी भिकार निघाला ना पण."

"लोक जेवले ना."

जिलबी तशीच राहिली. त्यानंतर तू लिप्पेचं नाव घेतलं नाहीस. शारदोत्सवाचं बोलावणं आलं तर तब्येतीचं कारण. मी कितीदा भांडलो तुझ्याशी! म्हटलं, एक माणूस उलटा अर्थ घेतो म्हणून बाकीच्यांनी ऐकूच नये का? तू म्हणायचास, "बाकीचे हसतात. ऐकते तो एकच." यावर मी चिडून निघून जायचो आणि दुसऱ्या दिवशी यायचो. तब्येतीचं कारण पुढे खरं झालं, आणि आजारी माणसाशी भांडू नये असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे आपण हवापाण्यावर बोलू लागलो. तुझ्या शेवटच्या महिन्यांत मी तुझ्याशी हवापाण्यावर बोललो, मनोहर. एवढं वाईट वागणं तुझ्या वाट्याला दुसऱ्या कुणाकडून आलं नसेल.

काल शोकसभेनंतर प्रवीण तुझ्या घरी आला होता. आता तो स्वतः जिल्हा परिषदेला उभा आहे. कापूस यंदाही तसाच आहे आणि केंद्राचं कुलूपही. वहिनींच्या पाया पडला, डोळे पुसले. ते पाणी खरं होतं. मग म्हणाला, "काकू, सरांच्या नावानं व्याख्यानमाला चालू करतो. गावोगावी नेतो. पहिलं व्याख्यान मीच देतो, सरांचं लिप्पे मले तोंडपाठ हाय. फक्त एक चांगला फोटो द्या."

वहिनींनी त्याला पाणी दिलं. "फोटो शोधावा लागेल," म्हणाल्या. मागच्या भिंतीवर तुझे दोन फोटो टांगलेले होते, ते त्यालाही दिसत होते. तो गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"भाऊजी, यांनी बोलणं सोडलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. घरात शांतता आली. आता कळतंय काय झालं ते. यांनी सोडलं आणि ते सगळं त्या पोराकडे एकट्याकडे राहिलं."

तुझ्या बंदीविरुद्ध मी महिनोन्महिने वकिली युक्तिवाद करत होतो. वहिनींनी ती दोन वाक्यांत निकालात काढली. प्रवीणच्या आधी मी बोलणार आहे. सभागृहात नाही, तिथे आपलेच लोक येतील आणि हसतील. बाजारात, गाड्या लागतात तिथे. लिप्पेचं सांगणार आणि तिथे न थांबता आपल्या बाजाराचंही सांगणार. ऐकतील की नाही, ठाऊक नाही. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही आणि त्या गाठोडंवाल्या मावशीसारखं तर मुळीच नाही.

आज सकाळी युसूफभाई आला. त्याला बातमी उशिरा कळली. उमरखेडची एसटी पकडून, स्टँडवरून चालत. वहिनींना भेटला आणि मग माझ्या ओसरीवर बसला. म्हातारा झाला आहे. तिकडे मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये हवा भरायला बसतो. मी त्याला माझा बेत सांगितला आणि विचारलं, "तुमचं नाव घेऊ का?"

"गावोगाव घेऊन झालं ना वकीलसाब. आता काय राह्यलं घ्याचं?"

"मग नाही घेत."

तो उठायला लागला आणि पुन्हा बसला. मग म्हणाला, "घ्या. पण घेसान तं पुरं घ्या. मी काटा मारत होतो, थेही सांगा. मणामागं थोडासाच. सारेच मारत, पण मीही मारत होतो."

"ते कशाला? प्रवीणच्या हातात आयतं द्यायचं का?"

"लोकायले मालूम हाय. तुम्ही लपवसान तं बाकीचंही खोटं वाटन त्यायले."

म्हणजे ज्या काट्याशेजारी तू दिवसभर उन्हात बसलास, तो काटा मारलेला होता, मनोहर. तुला ठाऊक होतं का? असेल तर मला का सांगितलं नाहीस? आणि नसेल, आणि त्या दुपारी कुणी तुझ्या कानात सांगितलं असतं, तर तू उठला असतास का? युसूफभाई गेल्यापासून मी हेच घेऊन बसलो आहे. मला वाटतं, आधी त्याला आपल्या शाळेतल्या दोन अस्सल शिव्या दिल्या असत्यास, काटा सरळ करून घेतला असतास आणि तिथेच बसून राहिला असतास. मला तसं वाटतं. तू नाही म्हणायला इथे नाहीस, म्हणून तेच खरं धरून मी येत्या बाजाराच्या दिवशी उभा राहतो आहे.